बर्फ धरलेली वही

सकाळचे सहा वाजून चाळीस मिनिटं. रविवार, नोव्हेंबरची तीस तारीख. धाकटी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वहीच्या सतराव्या पानाच्या कडेला पांढऱ्या जेल पेनानं बर्फाची सहा टोकांची चांदणी काढत होती. वडील सातला उठतात. त्याआधी निदान वीस पानं उरकायला हवी होती, कारण एकदा ते उठले की टेबल त्यांचं.

तिला धाकटी म्हणतात ते घरात. वय सेहेचाळीस. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा भाऊ तो थोरला, आणि तो चार तासांच्या अंतरावर दुसऱ्या शहरात राहतो. आई जाऊन चार वर्षं झाली. धाकटीचं लग्न झालं होतं आणि मोडलं. तो विषय आता कोणी काढत नाही, काढायला घरात माणसंही उरलेली नाहीत. ती चष्म्याच्या दुकानात कामाला आहे. पुढे काउंटरवर फ्रेमा दाखवते ती दुसरी. ही मागच्या खोलीत. काचेच्या मध्यावर शाईचा ठिपका द्यायचा, काच फ्रेमच्या मापानं मशीनवर घासायची, कड तासायची, फ्रेम गरम हवेवर मऊ करून काच आत बसवायची. बावीस वर्षं हेच. अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी गिऱ्हाईक डोकं दुखतं म्हणत परत येतं, त्यामुळे हाताला घाई नाही.

वहीचं हे काम मार्चपासून सुरू होतं.

वडिलांचं वय एक्क्याऐंशी. चौतीस वर्षं त्यांनी कोल्ड स्टोरेजमध्ये काढली. बटाटे आणि सफरचंदं ठेवायची आठ मोठी दालनं, आणि दर दोन तासांनी प्रत्येक दालनाचं तापमान वहीत लिहायचं, पुढे सही करायची. दोन डिग्रीच्या वर काटा गेला की ते झोपेतून उठून यायचे. कामावर त्यांचं नावच 'दोन डिग्री' पडलं होतं. शिपाईसुद्धा मागे तेच म्हणायचा आणि त्यांना ते ठाऊक होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांची आठवण विरायला लागली. आधी शब्द गेले, मग दिवस, मग जेवलो की नाही हे. धाकटीनं भिंतीवर चिठ्ठ्या लावल्या, त्या त्यांनी काढून नीट घड्या घालून खिशात ठेवल्या. मोबाइलवर गजर लावला, तर तो वाजला की ते खिडकी उघडून खाली बघायचे. काहीच लागू पडेना. मग मार्चमधल्या एका सकाळी तिनं सहज, वाणसामानाच्या यादीसाठी, एका वहीत उभ्या रेघा मारल्या. वडील समोर येऊन बसले, रेघांकडे बघत राहिले, खिशातून पेन काढलं आणि पहिल्या ओळीपुढच्या रिकाम्या चौकोनात सही केली.

तिथे तिला किल्ली सापडली. रिकामा चौकोन हा माणूस रिकामा ठेवू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. रोज एक पान. डावीकडे वेळ, मधे काम, उजवीकडे सहीची जागा. आठ वाजता पांढरी गोळी. दहाला रेडिओ. अकराला समोरच्या काकू येतील, दार उघडा. साडेबाराला डब्यातलं जेवण. एकला पिवळी गोळी. तीनला पुन्हा काकू. चारला गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी. सव्वासहाला धाकटी येईल. वडील प्रत्येक काम करायचे आणि सही ठोकायचे. गोळ्यांची डबी संध्याकाळी रिकामी, डबा रिकामा, कुंड्या ओल्या. धाकटी सकाळी नऊला घर सोडायची ते वहीच्या भरवशावर.

वही महिन्याची महिन्याला नवी हवी, हा वडिलांचा हट्ट. कोल्ड स्टोरेजमध्ये तसंच होतं, पहिल्या तारखेला जुनी वही बंद, नवी सुरू. आणि जुनी टाकायची नाही. नोंदी सात वर्षं जपायच्या असतात. त्यामुळे त्यांच्या उशाशी वह्यांची चळत साठली आणि जूनच्या एका दिवशी त्यांनी भलतीच उचलून एप्रिलचा मंगळवार अगदी चोख पार पाडला. एक गोळी सोडून सगळं बरोबर, कारण ती गोळी एप्रिलनंतर सुरू झाली होती.

तेव्हापासून चित्रं आली. प्रत्येक महिन्याच्या वहीवर एक चित्र आणि तेच चित्र लहान करून आतल्या प्रत्येक पानाच्या कडेला. जुलैत मासे. ऑक्टोबरात सायकली. नोव्हेंबरात पिवळी पानं. सकाळी ती एवढंच सांगायची, "बाबा, पानांची वही." चित्रकलेत ती शाळेत पास होण्यापुरती होती, पण दुकानातल्या नमुन्याच्या काचा गोल काढायला उपयोगी पडत, आणि रेघ सरळ यायची. रंगांचे नियम ती ठेच लागेल तसे शिकली. लाल चालत नाही, कामावर लाल दिवा म्हणजे बिघाड. ऑगस्टच्या वहीवर तिनं लाल फुगे काढले होते, तर वडिलांनी सगळी कामं बाजूला ठेवून प्रत्येक फुग्याखाली लिहिलं, 'पाहिलं. कारण शोधत आहे.'

डिसेंबरची वही मात्र साधी नव्हती, म्हणजे चित्र साधं, पण महिना नाही.

सप्टेंबरात एका दुपारी वडील घरातून निघून गेले होते. काकू तीनला आल्या तर दार सताड उघडं. संध्याकाळी ते सापडले गावाबाहेर, कोल्ड स्टोरेजच्या फाटकाशी, पायात घरातल्या सपाता, आणि नव्या पहारेकऱ्याला उशिरा आल्याबद्दल झापत होते. त्या रात्रीच थोरला आला. दुसऱ्या दिवशी त्यानं एका निवासी केंद्राची माहिती टेबलावर ठेवली.

"मी म्हणत नाही आजच," तो म्हणाला. "पण तू तिकडे काचा घासणार, हे इकडे फाटकं शोधणार. किती दिवस?"

"वही आहे ना."

"वहीत लिहिलं होतं का, बाहेर जा म्हणून?"

"दादा, तिरकं बोलू नकोस."

शेवटी सौदा ठरला, आणि तो सुचवला धाकटीनंच. तीन महिने. रोज संध्याकाळी ती पानाचा फोटो काढून थोरल्याला पाठवेल. सगळ्या चौकोनांत सह्या असल्या तर प्रश्न मिटला. एक दिवस जरी गडबडला, तर बाबा केंद्रात जातील आणि ती त्यावर वाद घालणार नाही. थोरल्यानं केंद्रात बोलून जागा डिसेंबरअखेरपर्यंत धरून ठेवली. ऑक्टोबरची एकतीस पानं गेली, नोव्हेंबरची एकोणतीस गेली, तिसावं त्या संध्याकाळी जायचं होतं. सगळ्या चौकोनांत सह्या. थोरला पूर्वी फोटोवर 'बरं' लिहायचा, हल्ली नुसता अंगठा दाखवायचा.

उरला डिसेंबर. म्हणून तिला ही वही चांगली करायची होती.

थंडीचं चित्र काढ असं काउंटरवरचीनं सुचवलं होतं. तिच्या फोनवर अशा वह्या सजवणाऱ्या बायकांचे ढीगभर फोटो. लोकरीच्या टोप्या, वाफाळते कप, पानं झडलेली झाडं.

"साधंच कर ग," ती म्हणाली होती. "दोनच रंग. निळा आणि पांढरा. थंडी म्हणजे काय, मोकळी जागा. तेवढं शोभून दिसतं."

"त्यांना काय शोभतं त्याचं."

"मग तुला शोभेल. रात्रंदिवस त्या वहीत डोकं घालतेस, एकदा तरी डोळ्यांना बरं दिसू दे."

धाकटीला ते पटलं. तिनं प्रत्येक पानाच्या चारी कडांना निळ्या पेन्सिलीची फिकट पट्टी दिली, बोटानं पुसून धुक्यासारखी केली, आणि तिच्यावर पांढऱ्या पेनानं बर्फाच्या चांदण्या. कोपऱ्यांत दाट, मधे विरळ. वरून खाली लोंबणारे दोनचार हिमाचे सुळे. वहीवर एक निष्पर्ण झाड, फांद्यांवर पांढरी रेघ. या गावात बर्फ पडत नाही, तिनं तो आयुष्यात पाहिलेला नव्हता. फोटोत दिसला तसा काढला. पांढरी शाई वाळली की पक्की बसायची, बोट घासलं तरी निघायची नाही. ते तिनं मुद्दाम तपासून घेतलं होतं, कारण वडिलांना पानावर अंगठा फिरवायची सवय.

संध्याकाळपर्यंत एकतीस पानं झाली. वडिलांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या चौकोनात सही केली, वही बंद केली आणि हात पुढे केला. तिनं नवी दिली.

त्यांनी पहिलं पान उघडलं. अंगठा कडेवरून फिरवला, खालून वर, मग वरच्या सुळ्यांवरून. पान उलटलं. दुसऱ्यावरही तसाच फिरवला.

"बर्फ धरलाय," ते म्हणाले.

धाकटी हसली. लाल फुग्यांनंतर चित्राकडे त्यांचं पहिल्यांदाच लक्ष गेलं होतं. "हो. थंडी आली ना बाबा."

"कधीपासून?"

"उद्यापासून."

"सगळीकडे?"

"सगळीकडे. एकतीसच्या एकतीस."

वडिलांनी मान हलवली आणि वही उशाशी नेऊन ठेवली. धाकटीला त्या रात्री बरं वाटलं. श्रम कामी आले असं वाटलं.

सोमवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा डबा रिकामा होता, गोळ्यांची डबी रिकामी होती. वहीत मात्र सह्यांच्या जागी आकडे होते. आठला साडेतीन. दहाला चार. अकराला चार. साडेबाराला साडेचार. चारला सहा. प्रत्येक आकड्यापुढे बारीक अक्षरात सही.

"हे काय बाबा?"

"चढतंय."

"काय चढतंय?"

त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती नवीन लागलेली मदतनीस. मग स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजचं दार उघडलं, आत हात घातला, डोळे मिटून थोडा वेळ उभे राहिले आणि हात बाहेर काढला. "सहा. साडेसहा म्हण. नळ्यांवर बर्फ धरला की गार हवा फिरत नाही."

तिनं फोटो पाठवला. पाचव्या मिनिटाला थोरल्याचा फोन.

"आकडे कसले?"

"तापमान लिहितात. जुनी सवय वर आली असेल. जेवलेत, गोळ्या घेतल्यात. मी डबी बघितली."

"सह्या आहेत?"

"आहेत. बारीक आहेत."

थोरल्यानं फोटो पुन्हा मोठा करून बघितला. "ठीक. पण बघ हं."

"बघतेय."

मंगळवारी आकडे सातवर गेले. फ्रिज दिवसभर उघडझाप करून खरंच कोमट झाला होता. आतलं दूध नासलं. धाकटीनं दूध ओतून दिलं आणि वडिलांना समजावलं की फ्रिज बिघडलेला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बिघडला कोण म्हणतं? मशीन उत्तम आहे. बंद ठेवून बर्फ उतरवायला हवा, बस." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू घाबरू नकोस. दर हिवाळ्याला करतो मी."

वर्षभरात ते इतकं सलग, इतकं नेमकं बोलले नव्हते. वही बदलावी असं तिच्या मनात आलं, पण साधी कोरी वही घरात नव्हती आणि दुकानं बंद झाली होती. शिवाय महिना मधेच तोडून वही बदलली तर ते बिथरतील, हीही भीती. उद्या येताना आणू असं ठरवून ती झोपली.

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी दुकानाचा फोन वाजला. धाकटीच्या मशीनवर काच फिरत होती. काउंटरवरचीनं पडदा बाजूला करून म्हटलं, "समोरच्या काकू. म्हणतात लगेच ये."

काकूंकडे दाराची किल्ली होती. पण आतून कडी लागलेली. बाबा बाहेर पडतील ही भीती सप्टेंबरपासून सगळ्यांनी धरून ठेवली होती. ते आत राहतील हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

धाकटी पोचली तेव्हा पावणेबारा झाले होते. जिन्यात काकू आणि वरच्या मजल्यावरची एक सून. घरातला रेडिओ बंद. दारावरची बेल वाजत नव्हती, कारण आतलं विजेचं मुख्य बटण त्यांनी खाली केलं होतं.

"बोलताहेत आतून," काकू म्हणाल्या. "तब्येतीनं खणखणीत आहेत, तुझी शपथ. मलाच विचारतात, पास आहे का म्हणून. पंचवीस वर्षं या माणसाला ओळखते मी, आणि मला पास."

धाकटीनं दार वाजवलं. "बाबा, मी आहे. दार उघडा."

"कोण?" आवाज दाराच्या अगदी जवळून आला.

"मी धाकटी."

"घरच्या माणसांनी प्लांटवर यायचं नाही. कितीदा सांगितलं. फाटकाशी थांब, सुट्टी झाली की येतो."

"बाबा, हे घर आहे आपलं."

आत काहीतरी सरकवल्याचा आवाज.

वरची सून कुजबुजली, "त्यांच्या कामावरचं बोलून बघा ना."

धाकटीनं घसा साफ केला. वडिलांच्या कामावरची भाषा तिला फोनवर ऐकून ऐकून येत होती. "साहेब, मी पुढच्या पाळीची. बर्फ उतरलाय. दार उघडलं तरी चालेल."

"उतरला कोणी बघितला?"

"मी."

"तू बाहेर. आत मी. तू कसा बघितलास?"

काकूंना हसू आलं आणि त्यांनी ते तोंडावर पदर दाबून आत ठेवलं. धाकटीला हसू येईना, रडूही येईना.

"किती वेळ लागेल साहेब?"

"बर्फ जाईपर्यंत दार उघडायचं नाही. दमट हवा आत आली की पुन्हा धरतो. नियम मी केलेला नाही."

"पण आत्ता किती आहे?"

पानं उलटल्याचा आवाज आला. एक, मग दुसरं, मग बराच वेळ एकामागून एक, जाड कागदाची फडफड. मग दाराच्या फटीशी त्यांचा आवाज, किंचित थकलेला. "आहे तसाच आहे. सगळीकडे आहे. एवढा कधी बघितला नाही मी."

धाकटी दारावर हात टेकून उभी राहिली. आत तिनं स्वतःच्या हातानं काढलेली एकतीस पानं होती, आणि त्यांच्यावरचा बर्फ कुठलंही मशीन बंद करून उतरणारा नव्हता. ते पानामागून पान बघत राहणार आणि तो तिथंच असणार. हे आतल्या माणसाला सांगायचं कसं, ते तिला सुचेना. चित्र आहे म्हणावं, तर ते म्हणणार चित्र कसलं, हाताला लागतंय. आणि हाताला लागत होतंच. शाई उठून आली होती.

एक वाजला. पिवळ्या गोळीची वेळ. तिनं तेही सांगून बघितलं.

"बाबा, एकची गोळी. वहीत बघा, लिहिलंय."

"काम चालू असताना खाणंपिणं नाही."

चावीवाला आला आणि दाराकडे बघूनच म्हणाला, "कडी आतून आहे. माझं काम नाही हे, सुतार बोलवा." सुतार सव्वाएकला आला. त्यानं चौकटीची पट्टी उचकटली आणि फटीतून करवतीचं पातं घालून कडी कापायला घेतली. पहिल्या घासाला आतून आरडाओरडा सुरू झाला. वडील पलीकडून दार दाबून धरत होते. सुतार थांबला.

"बाई, पलीकडे माणूस आहे. हात लागला तर?"

"बाबा, मागे व्हा," धाकटी म्हणाली.

"कोणाच्या परवानगीनं? चेंबर चालू आहे. साहेबांना फोन लावा."

"तुम्हीच साहेब आहात."

"मग मी परवानगी दिली नाही."

सुतारानं पातं पुन्हा घातलं आणि अगदी सावकाश चालवलं. पंचवीस मिनिटं लागली. एक चाळीसला दार उघडलं.

वडिलांच्या अंगावर दोन स्वेटर, डोक्यावर कानटोपी, हातात लोकरीचे मोजे. सगळ्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले. फ्रिजमधल्या वस्तू टेबलावर ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीखाली कागदाचा तुकडा आणि त्यावर तारीख. फ्रिजचं पाणी फरशीवरून गॅलरीपर्यंत गेलं होतं आणि त्यांनी त्याला पायपुसण्यांचे बांध घातले होते. काम पाहण्यासारखं झालं होतं. जेवणाचा डबा तसाच. एकची गोळी डबीत. ते घामानं निथळत होते आणि त्यांना धाप लागली होती.

धाकटी पाण्यातून त्यांच्याकडे गेली. त्यांनी तिला बाजूला केलं, खुर्चीवर बसले, मोजा काढला आणि वही उघडली. एकच्या चौकोनात लिहिलं: 'दार बाहेरून उघडलं. १.४०. बर्फ शिल्लक.' खाली सही.

मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तू कधी आलीस?" ते म्हणाले. "भिजलीस कशानं?"

दुपारी काकूंच्या बहिणीचा डॉक्टर मुलगा येऊन गेला. रक्तदाब वर होता, बाकी ठीक. वडील झोपले. धाकटीनं फरशी पुसली, मुख्य बटण वर केलं, खाली जाऊन एक साधी वही आणली. साडेपाचला ते उठल्यावर तिनं पहिल्या पानावर रेघा मारल्या, वेळा लिहिल्या, आणि वही त्यांच्यापुढे ठेवली. चित्र नाही, रंग नाही. वडिलांनी पेन घेतलं आणि वरपासून खालपर्यंत आठही चौकोनांत सह्या केल्या. मिनिटही लागलं नाही. रेडिओ, जेवण, पिवळी गोळी, सगळ्यांपुढे सही. वही बंद करून तिच्याकडे सरकवली.

तिनं फोटो काढला. स्वच्छ आला होता. ऑक्टोबरातल्या कुठल्याही दिवसासारखा.

तो पाठवायच्या आधीच थोरल्याचा फोन आला.

"मला काकूंनी साडेअकरालाच कळवलं होतं," तो म्हणाला. "सप्टेंबरात मीच नंबर देऊन ठेवला होता त्यांना."

धाकटीनं तो स्वच्छ फोटो फोनमधून काढून टाकला. नंतर बर्फाच्या वहीतलं खरं पान उघडून त्याचा फोटो काढला आणि तो पाठवला.

"आला," थोरला म्हणाला. वाचायला त्याला वेळ लागला. "'बर्फ शिल्लक' म्हणजे?"

"मी चित्र काढलं होतं. थंडीचं. त्यांना ते खरं वाटलं. चूक माझी आहे दादा, त्यांची नाही. आज साध्या वहीत त्यांनी एका दमात सह्या केल्या."

"न केलेल्या कामांपुढे?"

तिनं साधी वही बाजूला सरकवली.

"धाकटे, ऐक. आज तू चित्र काढलंस. उद्या कॅलेंडरवर असेल. दुधाच्या पिशवीवर असेल. कोणाच्या स्वेटरवर असेल. तू घरभर कुठे कुठे बघत फिरणार?"

"मी बघीन."

"दुकानातून?"

खरं म्हणजे तिच्याकडे बोलायला खूप होतं. एकसष्ट दिवस चोख गेले होते. त्यांच्या तोंडून वाक्यं परत आली होती. पण सौदा तिनं सुचवलेला होता, त्यातला एकेक शब्द तिचा होता, आणि थोरला त्यातलं काही वाढवून मागत नव्हता. त्यानं आवाजही चढवला नाही. चढवला असता तर भांडता आलं असतं.

"मी काही आनंदानं सांगत नाही," तो म्हणाला.

"माहितीये."

"केंद्रात मी बोललो दुपारी. त्यांनी यादी पाठवलीये, तुला पुढे करतो. कपड्यांवर नाव शिवायचं. औषधं मूळ पाकिटात. वही नको म्हणाले, तिकडे सगळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर असतं, एकच."

"ते भिंतीवरचं काढून खिशात ठेवतात."

"सांगीन मी त्यांना."

"आणि सहीला जागा ठेवा म्हणावं. प्रत्येक कामापुढे. नुसतं वाचून ते काही करत नाहीत."

"इतकी माणसं असतात ग तिथं," थोरला म्हणाला. "बघू. सांगून बघतो."

फोन ठेवून ती आत गेली. वडील खुर्चीत बसून खिडकीतून खाली बघत होते. तिनं कपाट उघडलं आणि शर्ट बाहेर काढायला सुरुवात केली.

"कुठे निघालीस?" त्यांनी विचारलं.

"मी नाही, बाबा. तुम्ही."

"पाळी बदलली?"

तिनं सुईत दोरा ओवला. पहिल्याच प्रयत्नात गेला. "हो," ती म्हणाली. "बदलली."

"लेखी आलंय का?"

"आलंय. दादाकडे आहे."

"मग झालं," वडील म्हणाले आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागले. तिनं सहा शर्ट आणि दोन स्वेटरांच्या गळ्यांत, चार पायजम्यांच्या कमरेला, आतून त्यांचं नाव शिवलं. अक्षरं लहान आणि एका मापाची आली. आठ वाजता ते जेवले, गोळी घेतली, सही करायला काहीतरी शोधत टेबलावर हात फिरवला, आणि न सापडल्यावर झोपायला गेले.

केंद्रात नवीन माणसं गुरुवारीच घेतात, सकाळी साडेआठ ते साडेनऊ. उद्या गुरुवार. थोरला पहाटे चारला निघून आठपर्यंत पोचतो. चष्म्याचं दुकान दहाला उघडतं. मागच्या खोलीतल्या ट्रेमध्ये अकरा जोड काचा पडून आहेत आणि त्या सगळ्यांचा वायदा उद्याचाच आहे.